फाउंटनचा पुस्तकांचा फुटपाथ : पहिली आवृत्ती शोधणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

आधीच सांगते, पाचपैकी चार स्टार, आणि एक का कापला ते खाली येईलच. फाउंटन म्हणजे आपला हुतात्मा चौक, तिथून वीर नरिमन रोडने चर्चगेटकडे जाताना फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे जे ढीग लागतात त्यांच्याबद्दल हे लिहितेय. या जागेबद्दल बऱ्याच लोकांनी लिहिलंय पण ते सगळं स्वस्त मिळतं, घासाघीस करा, परीक्षेची गाईडं मिळतात एवढ्यावर थांबतं. मी फक्त एका कामासाठी तिथे जाते, कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या शोधायला, आणि त्या कामासाठी ही जागा कशी आहे हे कोणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू.

माझं ऑफिस फोर्टात, शनिवारी दीडला सुटतं, सीएसएमटीला जाऊन डोंबिवली फास्ट पकडायच्या आधी एक चक्कर इकडे मारायची हे गेली अकरा वर्षं चालू आहे. घरी आता छप्पन्न पुस्तकं आहेत ज्यांच्याबद्दल मी खात्रीने सांगू शकते की ही पहिल्या आवृत्तीची पहिली छपाई आहे. त्यातली चाळीसच्या वर या फुटपाथवरची.

पहिली गोष्ट जी इथे जायच्या आधी डोक्यात पक्की पाहिजे ती म्हणजे गोळा करणारे लोक पहिली आवृत्ती म्हणतात तेव्हा त्यांना पहिली छपाई हवी असते. प्रकाशकाने पहिल्यांदा जो गठ्ठा छापून बाजारात आणला त्यातली प्रत. तोच मजकूर सहा महिन्यांनी परत छापला तर प्रकाशकाच्या दृष्टीने आवृत्ती तीच राहते, पण आपल्या दृष्टीने ते पुस्तक वेगळं झालं. आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते सालावर. टायटल पानाच्या मागे कॉपीराइट १९९७ छापलेलं दिसलं की उड्या मारतात, अहो ते साल पुढच्या शंभर छपायांमध्येही तसंच राहतं, ते लेखकाच्या हक्काचं साल आहे, छपाईचं नाही.

आता फुटपाथ का, ऑनलाइन का नाही. कारण इथे पुस्तक हातात येतं. हे वाटतं तेवढं साधं नाहीये, मी साडेचार हजार रुपये घालवून शिकले. सहा वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एक अमेरिकन हार्डकव्हर कादंबरी मागवली, फोटोत टायटलच्या मागचं पान स्पष्ट दिसत होतं, त्यावर फर्स्ट एडिशन हे शब्द छापलेले, जॅकेट म्हणजे पुठ्ठ्यावरचं सुटं कागदी कव्हर छान, मी लगेच पैसे भरले. पुस्तक आलं, कपाटात ठेवलं, दोन महिने कौतुकाने बघत होते. मग एका शनिवारी ते बॅगेत घेऊन गेले, फुटपाथवर नेहमी भेटणारे एक रिटायर्ड काका आहेत, दादरहून येतात, त्यांना दाखवायला. काकांनी पान उघडलंच नाही. जॅकेट हळूच काढलं, मागचा पुठ्ठा वर केला, कण्याच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि माझा हात धरून माझं बोट तिथे टेकवलं, "बघ, लागतंय का काही?" लागलं. डाळीच्या दाण्याएवढा गोल खळगा, शाई नाही काही नाही, नुसता दाबलेला. उजेडात तिरकं धरल्याशिवाय डोळ्याला दिसतही नाही. ती बुक क्लबची खूण. अमेरिकेत वर्गणीदारांसाठी स्वस्तातली वेगळी छपाई निघायची, कागद हलका, बऱ्याचदा आकार जरा लहान, जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत नाही, आणि मजकुराच्या प्लेट मूळच्याच वापरल्यामुळे कधीकधी फर्स्ट एडिशन हे शब्दही तसेच उतरलेले. माझ्या जॅकेटच्या आतल्या घडीचा खालचा कोपरा कापलेला होता, मला वाटलं भेट देताना कोणीतरी किंमत कापली असेल. किंमत अमेरिकन जॅकेटवर बहुतेक वेळा वरच्या कोपऱ्यात असते. खालच्या कोपऱ्यात छापलेले असतात ते 'बुक क्लब एडिशन' हे शब्द, म्हणजे कापले होते ते तेच. विक्रेत्याला कळवलं तर परत घ्यायची मुदत संपली म्हणाले. तेव्हापासून एकही पुस्तक मागचा पुठ्ठा चाचपल्याशिवाय घेत नाही, आणि हे चाचपणं फोटोवर होत नाही.

तर फुटपाथवर बघायची पद्धत सांगते. पुढच्या बाजूला जे चकचकीत मांडलेलं असतं, बेस्टसेलर, मोटिव्हेशनवाली, ती सोडा. जुनी हार्डकव्हरं मागच्या भिंतीला टेकून किंवा खालच्या थरात असतात, कणा बाहेर करून. मधलं पुस्तक स्वतः ओढू नका, अख्खा थर कोसळतो आणि विकणारे भाऊ चिडतात, बरोबरच आहे त्यांचं. बोट दाखवून सांगा, ते एका हाताने वरचा गठ्ठा उचलून दुसऱ्या हाताने हवं ते काढून देतात, ते कसब बघण्यासारखं आहे.

हातात आलं की टायटल पान उलटा. मागच्या पानावर तळाला आकड्यांची ओळ आहे का बघा, १० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १ अशी, किंवा दोन्ही टोकांना वाटून १ ३ ५ ७ ९ १० ८ ६ ४ २ अशी. ओळीतला सगळ्यात लहान आकडा म्हणजे ही कितवी छपाई. १ असेल तर पहिली, ४ पासून सुरू होत असेल तर चौथी. पहिल्यांदा मला प्रश्न पडला होता की सरळ चौथी छपाई असं का नाही लिहीत, तर कारण छापखान्याचं आहे, तयार प्लेटवरून एक आकडा खरवडून काढणं सोपं, नवीन अक्षरं जोडणं किचकट. म्हणून आधीच सगळे आकडे टाकून ठेवायचे आणि दरवेळी एक उडवायचा. आपल्याकडच्या इंग्रजी प्रकाशकांच्या बऱ्याच पुस्तकांतही ही ओळ असते.

पण प्रत्येक प्रकाशन घराची रीत वेगळी, आणि इथेच खरी मजा आहे. रँडम हाउसने बरीच वर्षं पहिल्या छपाईला ओळ २ पासून सुरू केली आणि वर फर्स्ट एडिशन असे शब्द टाकले, दुसऱ्या छपाईला ते शब्द काढायचे की झालं, ओळ आपोआप बरोबर. ज्याला हे माहीत नाही तो २ बघून पुस्तक खाली ठेवतो, आणि मी असं खाली ठेवलेलं एक उचललंय, दोनशे रुपयांत. स्क्रिबनर्सवाले १९३० पासून बरीच वर्षं नुसतं इंग्रजी 'ए' अक्षर टाकायचे, हेमिंग्वेच्या म्हातारा आणि समुद्रवाल्या १९५२ च्या कादंबरीत ते 'ए' असणं ही पहिली अट. लंडनच्या फेबरने तर १९६८ पर्यंत साल रोमन आकड्यांत छापलं, त्यामुळे गोल्डिंगच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'च्या पहिल्या छपाईत १९५४ असं दिसतच नाही, रोमन अक्षरांची माळ दिसते. ब्रिटिश पुस्तकांचं सर्वसाधारण सांगायचं तर फर्स्ट पब्लिश्ड आणि साल, आणि त्याखाली रीप्रिंटेड असं काहीही नको. खाली रीप्रिंटची शिडी लागली असेल तर शेवटची पायरी म्हणजे तुमची प्रत.

हॅरी पॉटर बद्दल विचारणार हे माहीत आहे मला, सगळेच विचारतात. ब्लूम्सबरीने जून १९९७ मध्ये पहिल्या पुस्तकाच्या हार्डकव्हर प्रती ५०० काढल्या आणि त्यातल्या ३०० च्या आसपास लायब्रऱ्यांत गेल्या. ओळ १० ते १ पूर्ण पाहिजे, कॉपीराइटमध्ये लेखिकेचं नाव जोआन रोलिंग असं पूर्ण पाहिजे, आणि पान ५३ वर शाळेच्या सामानाच्या यादीत जादूची कांडी दोनदा आलेली पाहिजे, एकदा वर एकदा खाली. ही चूक एकटी पुरत नाही हं, ती पुढच्या काही छपायांतही राहिली. फाउंटनला ते मिळेल या आशेने जाऊ नका. पण ही खूण सांगायचं कारण असं की चूक ही चांगली गोष्ट असते, पुढे परत सांगते त्याबद्दल.

भारतात पहिलं आलेलं पुस्तक मात्र इथे मिळू शकतं, आणि मला मिळालं. अरुंधती रॉयची 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' १९९७ मध्ये दिल्लीच्या इंडियाइंकने काढली, लंडन न्यूयॉर्कच्या आवृत्त्या नंतरच्या, म्हणजे गोळा करणाऱ्यांसाठी खरी पहिली आपलीच. त्याच वर्षी बुकर मिळालं आणि मग तिचा खप इतका झाला की फुटपाथवर तिच्या प्रती कायम असतात, पण त्या नंतरच्या पेपरबॅक नाहीतर पायरेटेड. २०१९ च्या मे महिन्यात, भयंकर उकाडा, ढिगातून एक हार्डकव्हर निघाली, जॅकेट वरून थोडं फाटलेलं, आत कोणीतरी निळ्या शाईत वाढदिवसाची तारीख घातलेली. टायटलवर इंडियाइंक. मागे १९९७, नंतरच्या छपाईची एकही ओळ नाही. भाऊ म्हणाले, "मॅडम, ये पुराना है, जॅकेट फटा है, ढाई सौ दे दो, पास में नया वाला भी है." मी नवीनवालं नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटलं की मी फाटकं घेऊन चाललेय. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही, इतकी खुशी झाली होती.

आता पायरेटेडबद्दल, कारण एक स्टार त्यातच गेलाय. अर्धा त्यात आणि अर्धा बॉलपेनमध्ये. पायरेटेड प्रत मूळ पुस्तकाची पानं जशीच्या तशी स्कॅन करून छापतात, म्हणजे ज्या प्रतीवरून छापलं ती पहिली छपाई असेल तर आकड्यांच्या ओळीत १ सुद्धा छापून येतो! आकड्यांच्या भरवशावर राहिलात तर मेलात. मग काय बघायचं, तर कागद आणि अक्षर. कागद करडा आणि खरखरीत, मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात, मजकूर पानावर जरा तिरका, लहान अक्षरांच्या बारीक रेघा तुटलेल्या. कव्हरवर मूळ पुस्तकात उठावाची अक्षरं असतील तर इथे सपाट, नुसता उठावाचा फोटो. बोट फिरवलं की कळतं. हार्डकव्हर असेल तर वरून कण्याकडे बघा, पानांचे छोटे छोटे जुडगे शिवलेले दिसतात का सगळं एकाच गोंदाच्या पट्टीत चिकटवलंय. गोंदाचं म्हणजे खोटंच असं नाही, पण १९६० च्या कादंबरीत नुसता गोंद दिसला तर शंका घ्या. काही स्टॉलवर पायरेटेड आणि ओरिजिनल एकाच ढिगात मिसळलेलं असतं आणि विचारलं तर दोन्ही ओरिजिनल.

आणि बॉलपेन. काही जण किंमत पहिल्या पानावर बॉलपेनने लिहितात, दाबून, की तीन पानं खाली ठसा उमटतो. कळवळून सांगते, पेन्सिल ठेवा. मी माझ्या नेहमीच्या दोन भाऊंना पेन्सिलींचा डबा नेऊन दिलाय, त्यातल्या एकाने खरंच वापरायला सुरुवात केली. चकचकीत स्टिकर जॅकेटवर लावला असेल तर जागेवर काढू नका, कागद सोलून येतो. घरी हेअर ड्रायरने लांबून हलकं गरम करून, हळूहळू.

जॅकेटचं एवढं का, तर आधुनिक कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत जॅकेट नसेल तर किमतीचा मोठा भाग गेला असं समजा, पुस्तक आतून कितीही कोरं असो.

मराठीकडे येते, माझ्या जिवाचा विषय. फाउंटनला मराठी कमी, दहा इंग्रजीमागे एखादं, पण येतं, कारण गिरगाव-दादरची जुनी घरं रिकामी होतात तेव्हा सगळं रद्दीवाल्याकडून फिरत फिरत इथे पोचतं. मराठीत अडचण अशी की आपण छपाई आणि आवृत्ती यात फरकच करत नाही, सातवी आवृत्ती लिहिलेलं असतं आणि आत एक अक्षर बदललेलं नसतं, म्हणजे ती सातवी छपाई. कुठे पुनर्मुद्रण लिहितात, कुठे दुसरी आवृत्ती, एकाच घराच्या दोन पुस्तकांत दोन पद्धती. आपल्यासाठी मात्र एका अर्थी सोपं आहे, कारण मराठी प्रकाशक बहुतेक वेळा तारखांची यादीच देतात, प्रथमावृत्ती अमुक साल, दुसरी तमुक. यादीत एकच ओळ असेल तर आनंद. दुसरं बघायचं ते प्रकाशकाचं नाव, कारण गाजलेल्या कादंबऱ्यांनी घरं बदललीत. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची, पुण्याच्या देशमुख आणि कंपनीची, नंतर ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाकडे आली. म्हणजे पॉप्युलरचं नाव असलेली प्रत कितीही जुनी पिवळी दिसली तरी ती पहिली नाही, एवढं एका नजरेत ठरतं.

मराठीचं दुसरं दुखणं वाचनालयाची बांधणी. जुन्या प्रती बऱ्याचशा कुठल्यातरी वाचनालयातून निघालेल्या, मूळ कव्हर फाडून टाकलेलं, वर रेक्झिन, तिन्ही कडा कापून समास खाल्लेला, आणि दर वीस पानांवर गोल शिक्का. गोळा करणारे अशी प्रत कमी मानतात. मी घेते. ज्या कादंबरीच्या पहिल्या छपाईच्या प्रती वाचून वाचून संपल्या तिची शिक्क्यांची प्रत तरी राहायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पावसाळ्यात जाणार असाल तर सांगते, जून ते सप्टेंबर सगळं निळ्या ताडपत्रीखाली असतं, पुस्तकं कमी मांडतात, दमट हवेने पानं फुगलेली असतात आणि कसर लागलेली असते. घेतलेलं पुस्तक घरी लगेच कपाटात घालू नका, आठवडाभर वेगळं ठेवून पानं पंख्याखाली सुटी होऊ द्या, नाहीतर बाकीच्यांना लागते. बेस्ट म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दुपारी दोननंतर, ऊन पाठीमागे असताना. आता सगळे जीपे घेतात पण सुटे ठेवा. माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळही जुन्या पुस्तकांचे फुटपाथ आहेत, तिथे कॉलेजची पुस्तकं जास्त, माझ्या कामाचं कमी निघालं.

शेवटचं एक सांगायचंय, मागच्या महिन्यातलं, चुकीची गोष्ट परत सांगते म्हटलं होतं ती हीच. एक मराठी कादंबरी मिळाली, नाव लिहीत नाही कारण तिची अजून एक चांगली प्रत मी शोधतेय. कापडी बांधणी, कव्हर शाबूत, पण नेमकं टायटलच्या मागचं पान फाडलेलं. कोणी फाडलं, का फाडलं, देव जाणे. भाऊ स्वतःच म्हणाले, "ताई, पान नाही आत, नका घेऊ." मी शेवटच्या पानावरचं छापखान्याचं नाव, छापलेली किंमत आणि एकूण पानं मोबाईलमध्ये टिपली, आणि सगळ्यात मागे शुद्धिपत्र चिकटवलेलं होतं त्याचा फोटो काढला. जुन्या मराठी पुस्तकांत असायचं बघा, पान अमुक ओळ तमुक, अशुद्ध अमुक शुद्ध तमुक. पुस्तक परत ढिगात ठेवलं, जिवावर आलं होतं पण खात्री नव्हती.

पुढच्या शनिवारी आधी दादरला उतरले, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले, १८९८ ची संस्था आहे, संदर्भ विभागात तीच कादंबरी निघाली, पहिली आवृत्ती आणि दुसरी आवृत्ती दोन्ही. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दुसरीत शुद्धिपत्र नाही, कारण चुका आत दुरुस्त केलेल्या. पहिलीत पान ११२ वर 'पाऊल' च्या जागी 'पाऊस' छापलंय, आणि शुद्धिपत्रात तीच ओळ. तिथल्या बाईंनी विचारलं, एवढं काय बघताय, त्यांना दाखवलं तर त्यांनी पण वाकून दोन्ही पानं ताडून बघितली.

तिथून टॅक्सी केली, ट्रेनची वाट बघायची ताकद नव्हती. पुस्तक त्याच थरात होतं, वरून तिसरं. पान ११२ उघडलं. पाऊस.

एकशे वीस रुपये दिले.

"पान नाही म्हटलं ना ताई," भाऊ म्हणाले, आणि वीस रुपये परत केले.